सोडून दिलेलं मिनिट

रेघ सरळ होती, हे तिला जेवणाच्या सुट्टीत आठवलं. डबा उघडलेला, पहिला घास हातात, समोर सुईवाला. तो रक्त काढायचा म्हणून सगळे त्याला सुईवालाच म्हणत, आणि तोही म्हणवून घेई. नेहमीसारखा तो आधी दुसऱ्यांच्या डब्यांत डोकावून मग स्वतःच्या डब्याला नावं ठेवत होता. आणि काही कारण नसताना तिच्या डोक्यात सकाळची रेघ उमटली. सरळ. बरं मग? सरळ रेघा बघण्याचाच तर पगार मिळतो. यकृत धड असलं की रेघ जवळजवळ सरळच असते, जराशी उतरती, पाठ टेकून बसलेल्या माणसासारखी. वहिनीची रेघ सरळ होती, आकडा लहान होता, आणि तिनं घरी फोन करून सांगूनही टाकलं होतं, सगळं ठीक आहे, खुशाल जा. घास तोंडात गेला. चावला. गिळायच्या आधीच तिला कळलं की सरळ असण्याचा प्रश्नच नव्हता. रेघ खाली होती. कागदाच्या पार तळाशी. निरोगी माणसाची रेघ वर सुरू होते आणि वरच राहते. ही खाली सुरू झाली, खालीच चालली, खालीच संपली.

"काय गं, खडा लागला?" सुईवाल्यानं विचारलं.

"नाही."

"मग असं तोंड का? असं तोंड लोक माझा डबा बघून करतात."

तिनं डबा बंद केला. झाकण नीट बसलं नाही, तिनं ते दाबलं, पुन्हा दाबलं, आणि आपण डब्याशी भांडतोय हे लक्षात आल्यावर तसंच टाकून उठली. प्रयोगशाळेपर्यंतचा पॅसेज लांब आहे आणि त्यात पळायचं नसतं. पळणारा कर्मचारी पाहिला की बाकावरचे नातेवाईक उभे राहतात. म्हणून ती चालली, पण असं चालली की दोघे उभे राहिलेच.

आता हे समजून घ्यायला हवं, नाहीतर एका रेघेसाठी एवढा जीव कासावीस कशाला, असं कुणालाही वाटेल. यकृताच्या पेशी दुखावल्या की त्यांच्यातलं एक एन्झाइम रक्तात गळतं. शाळेच्या पुस्तकात त्याला विकर म्हणत. प्रयोगशाळेत तेवढा वेळ कुणाला नसतो. रक्तातलं ते एन्झाइम बाटलीतल्या रसायनाला भेटतं आणि ते खायला लागतं. मशीन उरलेल्या रसायनाची रेघ काढतं आणि ती किती झपाट्यानं उतरते त्यावरून खाण्याचा वेग मोजतं. वेग जास्त म्हणजे एन्झाइम जास्त, म्हणजे यकृताला इजा जास्त. सोपं आहे. फक्त दोन अटी. एक, तापमान सदतीस अंश हवं, शरीरासारखं. गार असलं तर एन्झाइम आळसावतं, थोडं चढलं तर चेकाळतं, आणि भाजलं तर मरतं. दुसरी, खाणाऱ्यापुढं खाणं भरपूर हवं. ते कमी पडलं की भुकेचा अंदाज चुकलाच. आणि एक खोड. रक्त नि रसायन एकत्र झालं की पहिलं मिनिट मशीन बघतच नाही. मिश्रण नीट मिसळू दे, सदतीसवर येऊ दे, मग बघू, म्हणून डोळे मिटून घेतं. एरवी त्या मिनिटात काही बिघडत नाही. पण एखाद्या रक्तात एन्झाइमच इतकं उसळलेलं असेल की ते त्या एका मिनिटात सगळं रसायन फस्त करून टाकील, तर? मशीन डोळे उघडतं तेव्हा ताटं रिकामी. कुणीच खात नाही. मशीन शांतपणे लिहितं: वेग नाही. आकडा लहान. प्रकृती उत्तम.

म्हणजे मरणाचा आजार आणि ठणठणीत तब्येत, दोन्हींचा आकडा एकच येऊ शकतो. फरक एवढाच की तब्येतीची रेघ वर असते आणि आजाराची खाली. आणि आकड्याशेजारी एक चांदणी उमटते. या चांदणीला प्रयोगशाळेत जावई म्हणत. कारण ती वेळी-अवेळी यायची, आणि आली की तिचा मान राखून तिला वाटेला लावावं लागायचं. गेला महिनाभर खोली गार ठेवणारं यंत्र रुसलेलं होतं, मशीनच्या पोटातलं तापमान सदतीसच्या आगेमागे हिंदकळत होतं, आणि तेवढ्यानंही चांदणी येई. दिवसभर येई. "आले जावईबापू!" कुणीतरी ओरडायचं, बटण दाबायचं, पुढचं सॅम्पल. सकाळी तिनंही दाबलं होतं. सुईवाला कुठूनतरी ओरडला होता, "चहा विचारलास का?" आणि ती हसली होती. बटण दाबताना हसली होती. खूण एक, कारणं दोन. हे ती स्वतः नवीन येणाऱ्या मुलींना शिकवते. खूण एक, कारणं दोन, म्हणून रेघ बघा गं, नुसता आकडा नका बघू, आकडा काय, बिचारा सांगितलेलं काम करतो.

रेघ तिनं बघितली होती. सरळ आहे एवढंच बघितलं होतं.

शिवाय रसायन. तिथला एक जुना रिवाज होता. घरच्यांची रक्तं बाटलीच्या तळाला उरलेल्या रसायनावर चालवायची, जे नाहीतर मोरीतच जायचं. कुणाचं नुकसान नाही, कुणाला विचारायला नको. सगळे करत. उलट त्यात एक प्रकारचा सज्जनपणाच होता. पण तळाचं रसायन शिळं असतं, त्यातलं खाणं आपोआप विटून अर्धं झालेलं असतं. परक्या माणसाला भरलेलं ताट आणि वहिनीला खरवड. हे वाक्य तिच्या मनात असं तयार होऊन आलं की जणू कुणी तरी ते बरीच वर्षं तयार करून ठेवलं होतं.

नळी सापडली. सकाळचं उरलेलं रक्त, वर पिवळसर पाणी. तिनं ते बारीक नळीनं शोषलं, मिठाच्या पाण्यात दहापट पातळ केलं. पातळ केलं की एन्झाइमची गर्दी कमी होते, खाणं पुरतं, वेग दिसतो. नवीन बाटली फोडली. हात थरथरत नव्हते. हातांना काही कळवलेलंच नव्हतं. मग मशीनचं झाकण. मग थांबायचं.

थांबणं तिला कधी जमलं नाही. लहानपणी अंगणात, नाही, अंगण नव्हतंच त्या घराला, जिन्याखालची जागा होती, तिथं ती परीक्षेच्या निकालाची वाट बघत पायरीवरून उड्या मारायची आणि वहिनी म्हणायची, "वन्सं, जिना तुमच्या तीर्थरूपांनी बांधलेला नाही, भाड्याचा आहे." नणंदेला वन्सं म्हणायची रीत तेव्हाही जुनी झाली होती. वहिनी ते मुद्दाम म्हणायची, नाक वर करून, आणि नणंद होती अकरा वर्षांची, दोन वेण्यांची, आई नुकतीच गेलेली. वहिनी घरात आली ती कॉलेजचं दुसरं वर्ष अर्धवट टाकून. तिची पुस्तकं एका पत्र्याच्या पेटीत होती. त्या पेटीवर पुढं इस्त्रीचे कपडे ठेवायला लागले. आणि एकदा, शाळेतल्या बाईंनी विकर हा धडा नुसता वाचून दाखवला म्हणून ती रडत घरी आली, तेव्हा वहिनीनं ओट्यावर तीन पेले मांडले. जखम धुवायचं औषध तिन्हींत. एकात बटाट्याची कच्ची फोड टाकली: फसफसून फेस. दुसऱ्यात बर्फात ठेवलेली फोड: फेस आला, पण रेंगाळत, जांभया देत. तिसऱ्यात उकडलेली: काहीच नाही. फोड तळाशी दगडासारखी. "थंडीनं ते झोपतं," वहिनी म्हणाली, "उष्णतेनं मरतं. बाहेरून दोन्ही सारखीच गप्प दिसतात." "मग ओळखायचं कसं?" "जरा ऊब देऊन बघायची. झोपलेलं उठतं."

मशीनच्या पडद्यावर पहिलं मिनिट चाललं होतं. डोळे मिटलेलं मिनिट.

आणि खाण्याचं? खाणं वाढवलं की वेग वाढतच जातो का, असं तिनं विचारलं होतं. वहिनी हात पुसत म्हणाली, "तिकिटाची खिडकी बघितलीस ना? रांगेत दोघं असली तर खिडकीतला माणूस मध्ये मध्ये चहा पितो. दहा झाली की भराभर तिकिटं फाडतो. पण पन्नास झाली, शंभर झाली, तरी त्याचे हात दोनच. एका हद्दीनंतर रांग कितीही वाढो, वेग तेवढाच." "मग खिडकीतला माणूस काय करतो?" वहिनीनं थोडा विचार केला. "तो वर बघायचं बंद करतो." दोघी हसल्या होत्या. नंतर त्या घरात रांग वाढतच गेली. आधी वडिलांचं अंथरुण. मग वहिनीची लेक. मग दादाची परगावची नोकरी, तो शनिवारी येणार आणि कपड्यांचं बोचकं घेऊन येणार. तिची स्वतःची परीक्षा, दुसरी परीक्षा, नोकरी, न जमलेलं एक लग्न आणि त्यानंतरचं ते वर्ष, ज्यात ती जेवायची नाही आणि वहिनी ताट झाकून ठेवायची, काढायची, पुन्हा झाकायची. वहिनीचा वेग तेवढाच. कधी कमी नाही. बाहेरून पाहणाऱ्याला काय दिसणार? सपाट रेघ. सगळं ठीक.

पडद्यावर रेघ आली. वरून निघाली आणि कोसळली. उतरली नाही, कोसळली. पातळ करूनही. म्हाताऱ्या मशीननं पुन्हा चांदणी काढली आणि या वेळी मशीनपुढं ती एकटीच उभी होती, कुणी ओरडलं नाही. तिनं आणखी पातळ केलं. पुन्हा थांबली. आकडा आला तो चार आकडी होता; धड यकृताचा दोन आकड्यांत बसतो.

मॅडम, म्हणजे तिथल्या मोठ्या डॉक्टर, मागे येऊन उभ्या राहिल्या होत्या. त्या चष्मा कपाळावर चढवून वाचत, आणि चष्मा चढवला की समजावं, प्रकरण साधं नाही.

"पेशंट कुठंय?"

"घरी." मग ती म्हणाली, "नाही. बसस्टँडवर असेल. लेकीकडे निघालीय."

"तुझी कोण?"

"वहिनी."

"ताप? दुखणं? काय होतं?"

"थकवा. अंग दुखतं. आठवडाभर अंगदुखीच्या गोळ्या घेतेय."

"त्या गोळ्या यकृताला काय करतात माहितीय ना? कुणी सांगितल्या?"

"आधीच्या तिच्या तिनं. आजच्या मी."

मॅडमनी कपाळावरचा चष्मा उतरवला. त्या रागावल्या असत्या तर बरं झालं असतं. "आधी तिला घेऊन ये," त्या म्हणाल्या. "स्वतःला शिव्या नंतर दे, ते कुठं पळून जात नाही. वॉर्डात मी सांगून ठेवते."

फोन वाजत राहिला. वहिनी फोन पिशवीच्या तळाशी, टॉवेलात गुंडाळून ठेवते, कारण "तो खणखणला की वाटतं पुन्हा कुणाला काहीतरी हवंय." पुन्हा लावला. पुन्हा. मग भाचीला लावला, दादाच्या लेकीला, जिच्याकडे वहिनी निघाली होती.

"आत्या! आज कशी काय आठवण?"

"आई कुठल्या बसनं येतेय गं तुझ्याकडे?"

"आई? माझ्याकडे?" मागे कुठेतरी भांडं पडलं. "मला काही बोलली नाही. आज? अगं, मी तर उद्या ऑफिसच्या कामाला बाहेर चाललेय. आईला माहितीय ते. आत्या? काय झालंय?"

"काही नाही," ती म्हणाली. दिवसातून दुसऱ्यांदा, त्याच आवाजात. मग स्वतःचीच शिसारी आली आणि ती म्हणाली, "झालंय. आई आजारी आहे. कळवते."

टॅक्सीत बसल्यावर घाम फुटला. काचेतून ऊन थेट मांडीवर येत होतं आणि चालकानं विचारलं, "खिडकी उघडू का, की गार लावू?" ती त्यावरही विचार करू लागली, जणू हा प्रश्न कुणीतरी नीट विचार करून विचारला होता. लेकीकडे जात नव्हती. मग कुठं? वहिनी कधी खोटं बोलल्याचं तिला आठवेना. आठवेना, म्हणजे नसेलच असं नाही. म्हणजे बघितलं नसेल. सकाळ पुन्हा. सकाळी वहिनी स्वयंपाकघरातल्या स्टूलावर बसली, बाही वर केली, म्हणाली, जरा हळू. नाही. म्हणाली, हात घरचा आहे, जरा हळू. मग ती म्हणाली, वहिनी, मूठ वळ. शीर मिळाली. नळी भरली. वहिनी म्हणाली, थकलेय गं जरा. पुन्हा. वहिनी म्हणाली, थकलेय गं. "जरा" म्हणाली होती का? सकाळी वहिनीनं साडी कुठली नेसली होती? पिशवी दाराशी होती का? ती एकेक प्रश्न टाकत होती आणि प्रत्येकाला कोपराची खाच दिसत होती, निळी शीर, कापसाचा बोळा. तिला त्या सकाळचं वहिनीचं बाकी काही म्हणजे काही आठवत नव्हतं. फोनवर ती म्हणाली होती, "वेगात काही नाही, गोळ्या घ्यायला हरकत नाही." त्यावर वहिनी म्हणाली, "घेतेच आहे मी." आणि मग? मग थोडा वेळ काही नव्हतं. फोन चालू होता आणि काही नव्हतं. तिनं तो रिकामा वेळ ऐकला नाही कारण तेव्हा सुईवाल्यानं नवीन नळ्यांचा ट्रे आणून आदळला. "बरं," वहिनी म्हणाली, "म्हणजे मी ठणठणीत." त्या आवाजात आनंद नव्हता. आता, उन्हात, लाल दिव्यापाशी थांबलेल्या टॅक्सीत, ते कानात नीट शिरलं. त्या आवाजात निराशा होती. माणूस ठणठणीत असल्याचं ऐकून निराश का होईल?

"ताई, कुणी येणारंय की जाणारंय?" चालकानं आरशातून विचारलं.

"जाणारंय."

"मग पोचू. जाणारी माणसं उशीरच करतात."

बसस्टँडवर फलाटांची ओळ. लेकीच्या गावाच्या फलाटावर वहिनी नव्हती, हे आता माहीत असूनही ती आधी तिथंच गेली, उगाच, सवयीनं. मग पुढचा, मग त्यापुढचा. पिशव्यांवर बसलेली माणसं, जोड्यातून पाय काढून बसलेली माणसं, एक म्हातारा सगळ्यांना एकच गाडी विचारत होता. सगळ्या बायका पाठमोऱ्या वहिनीसारख्या दिसत होत्या आणि वळल्या की भलत्याच निघत. शेवटचा फलाट समुद्राकडे जाणाऱ्या गाड्यांचा. तिथं बाकावर, पिशवी उशाला घेऊन, पाय पोटाशी ओढून, वहिनी झोपली होती. भर दुपारी. माणसांत. वहिनीला तिनं उजेडात झोपलेलं कधी पाहिलं नव्हतं. घरी सगळे उठायच्या आधी ती उठलेली आणि सगळे झोपायच्या वेळी जागी. तोंड किंचित उघडं, कपाळावर एक माशी, तीही निर्धास्त. ती दोन पावलांवर उभी राहिली आणि तिला हात लावायचं धैर्य होईना. यकृत फार बिघडलं की माणूस पेंगतो, पेंगतो आणि मग उठत नाही. बाहेरून दोन्ही सारखीच गप्प. मग तिनं वाकून वहिनीच्या गालावर तळहात ठेवला. गाल तापलेला होता. हात तसाच ठेवला. माशी उडाली. किती वेळ गेला कोण जाणे, वहिनीच्या पापण्या हलल्या.

"माझी बस," वहिनी म्हणाली.

"वहिनी, उठ. ऐक."

"गेली का?" ती धडपडत उठून बसली. समोरचा फलाट रिकामा होता, डांबरावर तेलाचा ताजा डाग. "गेली. अगं, मी आत्ताच तर टेकले होते. एवढ्या माणसांत एकानं उठवू नये?" आणि वहिनीचा चेहरा असा झाला, पोराच्या हातातलं काहीतरी खाली पडावं तसा. मग ती नीट जागी झाली आणि तिनं समोर पाहिलं. "तू इथं कशी?"

"तुझ्या लेकीला फोन केला होता."

"अस्सं." वहिनीनं पदर सारखा केला. "म्हणजे पकडायला आलीस."

"या गाड्या समुद्राकडे जातात. तिथं कोण आहे आपलं?"

"कुणी नाही. म्हणून तर."

गर्दीतून कुणीतरी ट्रंक ओढत नेली, दोघींनी पाय आत घेतले. ट्रंक पुढं गेली. मग ती खाली बसली, बाकापाशी, जमिनीवर, आणि सांगून टाकलं. रिपोर्ट चुकीचा दिला. यकृताला मोठी इजा आहे. आत्ता चल.

"मशीनचं काय सांगावं," वहिनी लगेच म्हणाली, तिच्या नेहमीच्या, पांघरूण घालायच्या आवाजात. "यंत्रच ते."

"मशीन नाही. मी. खूण आली होती, मी पुसली. मला वाटलं तापमानाची असेल."

वहिनी तिच्याकडे बघत राहिली. हे तिला समजलं असणार. तीन पेले मांडणाऱ्या बाईला हे समजायला वेळ लागत नाही. "खाणं संपलं होतं," वहिनी हळूच म्हणाली.

"हो."

"गोळ्या?"

"एकही नको आता. किती घेतल्यास?"

वहिनीनं पिशवीतून रिकामी पाकिटं काढली, एक, मग आणखी, आणि ओशाळून सगळी मुठीत चुरगळली. "अंग फार दुखायचं गं."

परतीच्या टॅक्सीत वहिनी पुन्हा पेंगायला लागली आणि ती तिला बोलत ठेवायला काहीबाही विचारत राहिली. दूध बंद केलंस का, किल्ली कुणाकडे, दादाला काय सांगितलंस. वहिनी उत्तरं देत होती, बरोबर, थोडक्यात, खिडकीतून तिकीट द्यावं तशी. मग ती गप्प झाली तेव्हा नणंदेनं घाबरून दंड हलवला आणि वहिनी डोळे न उघडता म्हणाली, "जागी आहे. उत्तर द्यायचा कंटाळा आला."

वॉर्डात खाट तयार होती. मॅडम येऊन पोट दाबून गेल्या, डोळ्यांच्या पापण्या खाली ओढून गेल्या, एक बाटली टांगायला सांगून गेल्या. गोळ्यांवर उतारा आहे आणि तो वेळेत सुरू झाला तर बरं, पुढचे दोन दिवस बघू, असं म्हणाल्या. बघू, यापलीकडे काही म्हणाल्या नाहीत. पुन्हा रक्त हवं होतं. तिनं सवयीनं पट्टा उचलला, वहिनीचा दंड धरला. वहिनीनं दंड सोडवून घेतला.

"तू नको."

जोरात म्हणाली नाही. साधंच म्हणाली. पट्टा तिच्या हातात राहिला, मग सुईवाल्यानं तो अलगद काढून घेतला, जणू तो त्याचाच होता. "या वहिनीसाहेब, आमचा हात हलका. हिच्या हाताचं नाव काढू नका, ही दगडातूनसुद्धा रक्त काढते." वहिनी हसली. नणंद बाजूला सरली, कुठं उभं राहावं ते कळेना. खाटेच्या पायथ्याशी उभी राहिली, तर लोखंडी दांडी पोटाला लागली, बरं वाटलं.

"काय झालं माहितीय का," वहिनी म्हणाली, सुईवाल्याला म्हणाली की तिला, कळायला मार्ग नव्हता. "मला आपलं वाटत होतं, मी विटले. सकाळी उठावंसं वाटेना. दूध उतू जाताना दिसायचं आणि हलावंसं वाटेना, जाऊ दे जातंय तर. ह्यांचा शनिवारी जिन्यात पाय वाजला की दार उघडायला उठूच नये वाटायचं. हिची चप्पल दारात दिसली की वाटायचं, आली. म्हटलं, झालं, भरली आपली घागर. म्हणून पिशवी भरली. म्हटलं, रिपोर्टात काही निघालं तर निदान दुखणं तरी म्हणता येईल. हिनं सांगितलं, ठणठणीत. मग म्हटलं, खरंच विटलेय तर मी. निघावं. आणि हे बघा, निघालं काय? यकृत!"

"बघा," सुईवाला म्हणाला, "आणि लोक नवऱ्याला दोष देतात."

वहिनी इतकी हसली की त्याला सुई सावरून धरावी लागली. नणंदही हसली, हसताना छातीतलं काहीतरी दुपारपासून पहिल्यांदा सैल झालं, आणि त्या सैलपणात ती पटकन, घाईघाईनं बोलून गेली: "म्हणजे आम्हाला विटली नव्हतीस. आजारी होतीस."

वहिनी हसायची थांबली. नळी भरत होती. तिघंही नळीकडे बघत होते.

"तसं नाही म्हणाले मी," वहिनी म्हणाली. "आजारी तर होतेच." सुई निघाली, बोळा लागला. "कोपर दुमडा," सुईवाला म्हणाला. वहिनीनं दुमडलं. "आणि विटलेही होते. दोन्ही."

यावर म्हणायची वाक्यं घरात तयार असतात. असं काय बोलतेस. दमलीस तू, पड जरा. आधी बरी तर हो. तिच्या तोंडात तिन्ही आली आणि तिनं ती गिळली.

सुईवाला नळ्या हलवत दारापाशी थांबला. "तू चालवतेस हे? की दुसऱ्या कुणाला देऊ?"

बोटं वळवळली. आत्ता उठावं, स्वतः पातळ करावं, नवीन बाटली फोडावी, रेघ वरून खालपर्यंत डोळ्यात तेल घालून बघावी. पॅसेज, मशीन, झाकण. तिथं तिला सगळं येत होतं.

"दुसऱ्या कुणाला दे," ती म्हणाली.

तो गेला. तिनं स्टूल ओढलं. ते फरशीवर करकरलं आणि पलीकडच्या खाटेवरच्या बाईनं मान वर करून पाहिलं. ती उशापाशी बसली, गुडघे खाटेला टेकले.

"सांग."

"काय सांगू?"

"विटल्याचं."

"आत्ता?" वहिनीनं टांगलेल्या बाटलीकडे पाहिलं, थेंब पडत होते. "बरी झाले तर सांगेन."

"आत्ता सांग."

"दुखेल तुला."

"दुखू दे."

वहिनीनं बराच वेळ तिच्या चेहऱ्याकडे पाहिलं, असं, की जणू हिच्यात किती मावेल याचा अंदाज घेत होती. मग तिनं दुमडलेला हात सरळ केला, ओठ ओले केले, आणि सुरुवात केली. पहिलंच वाक्य त्या न जमलेल्या लग्नानंतरच्या वर्षाबद्दलचं होतं, झाकून ठेवलेल्या ताटांबद्दलचं, आणि ते इतकं थंडपणे आलं की तिच्या पायांनी आपोआप उठायची तयारी केली. तिनं दोन्ही हातांनी स्टूलाच्या कडा धरल्या आणि बसून राहिली. वहिनी पुढचं वाक्य बोलत होती.